खोलीत वायफाय आहे, पण मीटिंग होत नाही

पत्र

नमस्कार. माझी फिरतीची नोकरी आहे आणि महिन्यातल्या बऱ्याच रात्री हॉटेलातच जातात. दिवस क्लायंटकडे जातो. रिपोर्ट, मेल, ऑफिसबरोबरची व्हिडिओ मीटिंग हे सगळं रात्री खोलीवर परतल्यावर. बुकिंग करताना ‘मोफत हाय-स्पीड वायफाय’ लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात कधी लॉगिनचं पानच उघडत नाही, कधी लॅपटॉप जोडला की फोन सुटतो, आणि सगळं जुळून आलंच तर मीटिंगमध्ये आवाज तुटतो. रिसेप्शनला सांगितलं की ठरलेलं उत्तर, ‘मॅडम, आमच्याकडे तर चालू आहे, एकदा बंद करून चालू करा.’ गेल्या दौऱ्यात एका मोठ्या क्लायंटला प्रस्ताव समजावून सांगत होते आणि ऐन किमतीच्या पानावर माझं चित्र गोठलं. परत जोडली गेले तोवर निम्मे लोक उठून गेले होते. साहेब नंतर एवढंच म्हणाले, ‘थोडी आधी तयारी करायची.’ ते फार लागलं. पुढच्या आठवड्यात त्याच क्लायंटबरोबर पुन्हा मीटिंग आहे आणि मी पुन्हा हॉटेलातच असणार. जादा पैसे भरून ‘प्रीमियम’ नेट घेऊ का? एक सहकारी म्हणतो, कंपनीचा व्हीपीएन, म्हणजे ऑफिसशी जोडणारा तो सुरक्षित मार्ग, बंद कर, नेट पळायला लागेल. करू का? आणि साहेबांना काय सांगू?

– फिरतीवरची एक

उत्तर

ताई,

साहेबांचं वाक्य तुम्हाला लागलं यात नवल नाही. दिवसभर उभं राहून काम करायचं, रात्री जेवण बाजूला ठेवून लॅपटॉप उघडायचा, आणि दुसऱ्याच्या इमारतीतलं, दुसऱ्याने बसवलेलं, शेकडो अनोळखी माणसं एकाच वेळी वापरत असलेलं नेट तुटलं की बोल तुम्ही ऐकायचे, हे अन्यायाचंच आहे. प्रस्तावाची तयारी तुमची होती. नेटची जबाबदारी कुणाची हे तुमच्या कंपनीत कुणी ठरवलेलंच दिसत नाही, आणि खरी अडचण तिथे आहे.

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारणं मागून. प्रीमियम नेट तपासल्याशिवाय घेऊ नका. व्हीपीएन बंद करू नका. साहेबांना तोंडी सफाई देत बसू नका, लेखी मागणी करा.

आता रिसेप्शनच्या त्या उत्तराकडे येऊ. ‘आमच्याकडे चालू आहे’ हे बहुतेक वेळा खरंच असतं, म्हणून तर त्याच्यापुढे बोलणं खुंटतं. नेट तुमच्यापर्यंत तीन टप्प्यांत येतं. बाहेरून हॉटेलपर्यंत एक लाइन येते. हॉटेलच्या आत ती केबलने मजल्यामजल्यावर जाते. आणि शेवटचे काही मीटर ती हवेतून, रेडिओ लहरींनी, तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचते. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी शेवटच्या मजल्यावरच्या नळाला धार नसते, तसंच हे आहे. रिसेप्शनवरच्या माणसाचा संगणक टाकीशेजारी आहे. तो तिथून बघतो, त्याला सगळं ठीक दिसतं. ‘नेट चालत नाही’ एवढंच तुम्ही म्हणालात, तर त्याच्याकडे बंद-चालू करा याशिवाय सांगण्यासारखं काही उरत नाही. कोणत्या टप्प्यावर तुटतंय हे तुम्ही सांगू शकलात, तर तीच तक्रार काम करणाऱ्या माणसापर्यंत पोचते. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीभोवती आहे.

टप्पा ओळखायला कुठलं ॲप लागत नाही. लॅपटॉपच्या नेटवर्कच्या तपशिलात ‘डीफॉल्ट गेटवे’ किंवा ‘राउटर’ असं लिहून पुढे चार आकड्यांचा पत्ता दिलेला असतो. तो हॉटेलच्या आतल्याच उपकरणाचा पत्ता. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट किंवा मॅकवर टर्मिनल उघडून ‘पिंग’ ही आज्ञा त्या पत्त्याला द्या (विंडोजमध्ये ती चार उत्तरांवर थांबते, तेव्हा पुन्हा द्या) आणि एक-दोन मिनिटं उत्तरं बघा. मग तीच आज्ञा ८.८.८.८ या पत्त्याला द्या. हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे, हॉटेलच्या बाहेरचा. पहिल्या पत्त्याकडून उत्तर पाच-दहा मिलिसेकंदांत आणि न चुकता येत असेल, तर तुमच्या खोलीतली हवा आणि हॉटेलचं अंतर्गत जाळं ठीक आहे. तिथेच आकडे पाचावरून तीनशेवर उड्या मारत असतील, मधूनमधून उत्तरच येत नसेल, तर अडचण खोलीत किंवा हॉटेलच्या आतल्या जाळ्यात आहे. बाहेरची लाइन कितीही मोठी असली तरी उपयोग नाही. आतलं उत्तर स्वच्छ आणि बाहेरचं खराब, तर हॉटेलची बाहेर जाणारी लाइन तुंबली आहे. काही हॉटेलांची उपकरणं पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. नेट चालू असूनही गेटवेकडून एकही उत्तर आलं नाही, तर घाबरू नका. मग सिग्नलच्या आकड्यावरून अंदाज घ्यायचा.

सिग्नलचा आकडा म्हणजे वरच्या कोपऱ्यातल्या त्या दांड्या नव्हेत. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की ‘आरएसएसआय’ नावाचा उणे आकडा दिसतो. उणे ५० च्या आसपास असेल तर उत्तम. फोनसारखं बोलणं नीट व्हावं म्हणून जाळी आखणारे लोक साधारण उणे ६७ ही हद्द धरतात. उणे ८० च्या घरात आकडा असेल, तर मेल जाईल, मीटिंग होणार नाही.

खोलीत सिग्नल का मरतो, हे मी थोडं सविस्तर सांगते, कारण इथे तुमच्या हातात बरंच काही आहे. अनेक हॉटेलांत वायफायचे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे सिग्नल सोडणाऱ्या छोट्या पेट्या, कॉरिडॉरच्या छतात असतात, दर काही खोल्यांमागे एक. खोलीचं दार आगप्रतिबंधक आणि जाडजूड. दारातून आत येताच बहुधा बाथरूम, म्हणजे टाइल्स, पाण्याचे पाइप आणि भिंतभर आरसा. आरशामागचा धातूचा थर रेडिओ लहरी परतवतो. काम करायचं टेबल मात्र या सगळ्याच्या पलीकडे, खिडकीशी. म्हणजे सगळ्यात वाईट सिग्नल असतो तिथेच आपल्याला बसवलेलं असतं. महत्त्वाच्या मीटिंगपुरती खुर्ची दाराकडे ओढा. दोन-तीन मीटरने आकडा दहाने सुधारतो, असं पुष्कळदा होतं. लॅपटॉप मधूनच लांबच्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून बसतो. लॉबीत जोडलेला होता, खोलीत आला तरी जुनं सोडत नाही. अशा वेळी लॅपटॉपचं वायफाय बंद करून चालू केलं की तो जवळचा पॉइंट शोधतो. रिसेप्शनच्या त्या सल्ल्यात एवढं तथ्य नक्की आहे.

दुसरी गोष्ट गर्दीची. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं, हा वायफायचा मूळ नियम आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हसुद्धा याच पट्ट्यात लुडबुडतात. रात्री आठनंतर मजल्यावरचे सगळे टीव्ही, टॅब आणि फोन याच रांगेत उभे असतात. त्यातून कुणाचा सिग्नल कमजोर असेल, तर त्याला तेवढीच माहिती पाठवायला जास्त वेळ लागतो आणि बाकी सगळे खोळंबतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जास्त प्रशस्त आहे, पण भिंती भेदायला कमी पडतो. त्यामुळे हॉटेलच्या नावापुढे ‘५जी’ लिहिलेलं वेगळं नेटवर्क दिसलं आणि सिग्नल बरा असला, तर ते निवडा. त्या ‘५जी’चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही.

हे सगळं करूनही आकडा सुधारला नाही, तर खोली बदलून मागा. यात संकोच करू नका. गिझर बिघडला तर आपण खोली बदलून मागतोच. तुमच्या कामाला नेट त्याहून कमी गरजेचं नाही. मागताना ‘चांगल्या नेटची खोली’ असं न म्हणता ‘ॲक्सेस पॉइंट खोलीच्या आत आहे अशी, नाहीतर पॉइंटला लागून असलेली खोली’ असं म्हणा. नव्या बांधणीच्या अनेक हॉटेलांत प्रत्येक खोलीत टेबलाखाली किंवा टीव्हीमागे भिंतीवरच छोटा पॉइंट बसवलेला असतो. बुकिंगआधी फोन करून विचारण्यासारखा एकच प्रश्न असेल तर हा.

आता न उघडणारं लॉगिनचं पान. याने माणूस सर्वांत जास्त रडकुंडीला येतो आणि उपाय मात्र एका मिनिटाचा असतो. तुम्ही हॉटेलच्या वायफायला जोडलात की तुमचा फोन किंवा लॅपटॉप गुपचूप एका ठरावीक, साध्या पत्त्यावर हाक मारून बघतो. हॉटेलचं उपकरण ती हाक मध्येच अडवतं आणि उत्तर म्हणून स्वतःचं लॉगिनचं पान पाठवतं. मात्र तुम्ही ब्राउझर उघडून थेट मेल किंवा बँकेची साइट टाकलीत, तर ती कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस असते. कुलूपबंद पानाच्या जागी दुसरं पान घुसवता येत नाही, ते तसं येऊ नये म्हणूनच कुलूप असतं. मग ब्राउझर धोक्याची सूचना देतो किंवा नुसता पांढरा राहतो. अशा वेळी कुलूप नसलेली साइट उघडायची. ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ (neverssl.com) नावाची एक साइट केवळ याच कामासाठी चालवली जाते. ती उघडायचा प्रयत्न केला की बहुतेक ठिकाणी लॉगिनचं पान समोर येतं. नाही आलं, तर मघाचा गेटवेचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून बघा.

तरीही अडलं, तर दोन जागा तपासा. कंपनीचा व्हीपीएन आपोआप सुरू होणारा असेल, तर तो लॉगिनच्या आधीच सगळा रस्ता ताब्यात घेतो आणि पान येऊच देत नाही. तेवढ्यापुरता तो थांबवायचा, लॉगिन झालं की लगेच चालू करायचा. आणि लॅपटॉपवर कुणी डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता हाताने भरून ठेवला असेल, तर तो ‘ऑटोमॅटिक’वर आणायचा, कारण पुष्कळ हॉटेलं आपल्या डीएनएसमधूनच पाहुण्याला लॉगिनकडे वळवतात.

लॅपटॉप जोडला की फोन का सुटतो? हॉटेल तुम्हाला नावाने ओळखत नाही, उपकरणाच्या मॅक ॲड्रेसने, म्हणजे त्याच्या वायफायच्या ओळख क्रमांकाने ओळखतं (मॅक लॅपटॉपशी याचा संबंध नाही), आणि बहुधा खोलीमागे दोन किंवा तीन उपकरणांची मर्यादा घालतं. पूर्वी हा ॲड्रेस कायमचा असे. माणसांचा माग काढता येऊ नये म्हणून अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनवर आयओएस १४ पासून, २०२० मध्ये, फोन खरा ॲड्रेस लपवून बनावट ॲड्रेस द्यायला लागले. हे तुमच्या भल्याचंच आहे. पण तो ॲड्रेस मध्येच बदलला की हॉटेलला वाटतं तिसरं उपकरण आलं, आणि ते कुणाला तरी बाहेर काढतं. मुक्कामापुरतं त्या एका नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲड्रेस स्थिर करून ठेवा. आयफोनच्या अलीकडच्या आवृत्तीत त्याला ‘फिक्स्ड’ असा पर्याय आहे. आधीच कोटा भरला असेल, तर रिसेप्शनला सांगा, ‘माझ्या खोलीवर नोंदवलेली जुनी उपकरणं काढून टाका.’

चेक-इनच्या वेळी आणखी एक विचारायचं, ‘माझं लॉगिन कधी संपतं?’ अनेक ठिकाणी ते चोवीस तासांनी आपोआप तुटतं. काल रात्री साडेआठला लॉगिन केलं असेल, तर आज रात्री साडेआठला, मीटिंग ऐन रंगात असताना, नेट तुटणार. तुमचं चित्र गोठलं त्या दिवशी हेच झालं असण्याची शक्यता मी नाकारणार नाही. मीटिंगच्या अर्धा तास आधी लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं की ही धास्ती बहुधा संपते.

मग प्रीमियमचं काय? मीटिंगला लागणारा वेग लोकांना वाटतो त्यापेक्षा कितीतरी कमी असतो. नुसत्या आवाजाला, जुन्या टेलिफोनच्या दर्जाचा म्हटला तर, सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात. गटाच्या व्हिडिओ मीटिंगला तीन-चार मेगाबिट मिळाले तरी काम भागतं. म्हणून स्पीड टेस्टमध्ये पन्नास दिसूनही आवाज तुटतो तेव्हा वेग कमी नसतो, उत्तर यायला लागणारा वेळ वरखाली होत असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे बोलणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्यापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषण सहज वाटतं. तो वेळ सतत हेलकावे खात राहिला, तर माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि मग गप्प बसतात.

प्रीमियम घेतल्याने साधारणपणे एकच गोष्ट बदलते. तुमच्या उपकरणावर हॉटेलने घातलेली वेगाची मर्यादा वाढते. तेव्हा सकाळी, संध्याकाळी आणि रात्री अशी तीनदा टेस्ट करा. आकडा दरवेळी एकाच ठिकाणी, समजा पाचवर, अडकत असेल आणि गेटवेचं उत्तर स्वच्छ असेल, तर ती मर्यादाच आहे. पैसे भरा, फरक पडेल. आकडा सकाळी चाळीस आणि रात्री दोन असेल, तर ती गर्दी आहे, आणि पैसे भरल्याने शेजारच्या खोल्यांमधले टीव्ही बंद होत नाहीत. गेटवेचं उत्तरच खराब असेल तर एक पैसाही देऊ नका. टेस्टमध्ये अपलोडचा आकडाही बघा, तुमचा चेहरा आणि आवाज त्याच बाजूने जातो. आणि तो आपल्याच फोनने खाल्लेला नाही ना हे बघा. दिवसभराचे फोटो, क्लाउडवरच्या फायली, विंडोजचे अपडेट ही सगळी मंडळी रात्री वायफाय मिळालं की एकदम निघतात. विंडोजमध्ये त्या नेटवर्कला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवलं की बरंचसं थांबतं.

व्हीपीएनबद्दल तुमच्या सहकाऱ्याचं निरीक्षण बरोबर आहे, सल्ला चुकीचा आहे. हॉटेलचं वायफाय हे फिरतीवरच्या कामकरी माणसांना गाठायचं ठिकाण आहे, हे हल्लेखोरांना पक्कं ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने ‘डार्कहॉटेल’ नावाच्या टोळीची माहिती प्रसिद्ध केली. ही टोळी हॉटेलांच्या नेटवर्कमध्ये शिरून बसायची. कंपन्यांचे मोठे अधिकारी खोलीत येऊन वायफायला जोडले की त्यांच्यासमोर एखाद्या ओळखीच्या सॉफ्टवेअरचा अपडेट यायचा, तो घेतला की लॅपटॉप तिच्या हाती. हा उद्योग त्याआधी कित्येक वर्षं चालू होता. आज बहुतेक साइट कुलूपबंद असल्याने पासवर्ड हवेतून सरळ वाचता येण्याचे दिवस मागे पडलेत, तरी तुम्ही क्लायंटच्या किमती आणि करार घेऊन फिरता. हॉटेलच्या नेटवर असताना समोर आपोआप आलेला कुठलाही अपडेट स्वीकारू नका, आणि व्हीपीएन चालू ठेवा.

तो हळू का चालतो याचा इलाज तुमच्या आयटी विभागाकडे आहे. पुष्कळ कंपन्यांत तुमची प्रत्येक गोष्ट आधी ऑफिसच्या सर्व्हरवर जाते आणि मग जगात, मीटिंगचा व्हिडिओसुद्धा. त्याऐवजी मीटिंगचा प्रवाह थेट बाहेर सोडून बाकीचं व्हीपीएनमधून नेता येतं, याला स्प्लिट टनेलिंग म्हणतात. २०२० मध्ये सगळे घरून काम करायला लागले तेव्हा मायक्रोसॉफ्टने आपल्या सेवांसाठी स्वतः हीच शिफारस केली होती. व्हीपीएन काही हॉटेलांत मुळीच जोडला जात नसेल, तर तिथे बहुधा यूडीपी, म्हणजे माहिती पाठवायची जी पद्धत अनेक व्हीपीएन वापरतात ती, अडवलेली असते; आयटीला विचारा की ‘टीसीपी ४४३’ या दुसऱ्या दारातून चालणारा पर्याय आहे का. ते दार हॉटेलला बंद करता येत नाही, कारण सगळ्या कुलूपबंद साइट तिथूनच जातात. आणि व्हीपीएन जोडलेला दिसतो पण ऑफिसची सामायिक फाइल उघडत नाही, असं होत असेल तर पत्त्यांची टक्कर तपासायला सांगा. हॉटेल आणि ऑफिस दोघांनीही आत १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वापरले असतील, तर लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर हॉटेलातच शोधत बसतो. अशा वेळी फोनचा हॉटस्पॉट लावला की फाइल उघडते.

हॉटस्पॉट हा तुमचा दुसरा रस्ता, आणि मीटिंगला जाताना दोन रस्ते हातात हवेतच. फोन खिडकीत ठेवा, लॅपटॉपला मात्र यूएसबी केबलने जोडा. त्यामुळे गर्दीची हवा टळते आणि फोन चार्जही होत राहतो. तासाभराच्या व्हिडिओ मीटिंगला एक ते दोन जीबी डेटा धरा. देशाबाहेर असाल तर रोमिंगचा पॅक निघण्याआधीच घ्या. खोलीत लॅनची, म्हणजे केबलने नेट जोडायची, सॉकेट असेल तर सोन्याहून पिवळं, पण हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपना ती केबल थेट जोडता येत नाही, छोटा ॲडॉप्टर जवळ ठेवावा लागतो, आणि जुन्या सॉकेट पुष्कळदा मेलेल्या असतात.

हॉटस्पॉटवरून एक प्रकरण तुम्हाला सांगायलाच हवं. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलच्या गेलॉर्ड ऑप्रीलँड या मोठ्या हॉटेलातल्या कार्यक्रमाला गेलेल्या एका व्यक्तीने तिथल्या दूरसंचार आयोगाकडे तक्रार केली, की इथे लोकांचे स्वतःचे हॉटस्पॉट चालू दिले जात नाहीत. चौकशीत निघालं, की हॉटेल चालवणाऱ्या मॅरियट कंपनीचे कर्मचारी परिषदगृहात पाहुण्यांचे हॉटस्पॉट तोडत होते, आणि त्याच वेळी तिथलं वायफाय एका उपकरणामागे हजार डॉलरपर्यंत दराने विकलं जात होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने सहा लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये आयोगाने जाहीर केलं की तिथे असं अडवणं बेकायदेशीर आहे. सुरुवात एका माणसाच्या नेमक्या तक्रारीने झाली. कुठे, काय, कशामुळे, हे त्यात होतं.

म्हणून रिसेप्शनशी बोलतानाही तसंच बोला. ‘चालत नाही’ म्हणू नका. ‘खोली अमुक, रात्री नऊची वेळ, गेटवेलाच उत्तर तुटतंय, सिग्नल उणे ७८ आहे, दाराशी उणे ६५ होतो’ असं सांगा. मग विचारा, ‘इंटरनेटचा सपोर्ट क्रमांक कुठला?’ अनेक हॉटेलांत वायफाय सांभाळणारी कंपनी वेगळी असते आणि तिचा क्रमांक खोलीतल्या माहितीपत्रकावर किंवा लॉगिनच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. तिथल्या माणसाला तुमचं उपकरण, त्याचा सिग्नल, त्यावरची मर्यादा, सगळं पडद्यावर दिसतं. रिसेप्शनच्या मुलावर रागावू नका. त्याच्या हातात यातलं काहीच नसतं, खोली बदलून देणं तेवढं असतं.

आता साहेब. त्यांना गेल्या वेळेबद्दल लांबलचक खुलासा देऊ नका, तो सबबीसारखाच वाटेल. एक छोटा मेल पाठवा. मी असा लिहीन: ‘फिरतीवर असताना क्लायंट-मीटिंग हॉटेलच्या नेटवर अवलंबून राहू नये, यासाठी चार गोष्टी लागतील. हॉटस्पॉटच्या डेटा पॅकचा खर्च प्रवासभत्त्यात धरावा. लॅनचा ॲडॉप्टर कंपनीने द्यावा. आयटीने मीटिंगसाठी स्प्लिट टनेलिंग तपासावं. आणि आपण सगळे जिथे राहतो त्या हॉटेलांच्या नेटच्या नोंदी एका सामायिक तक्त्यात ठेवाव्यात, बुकिंग तो बघून व्हावं. तक्त्याची सुरुवात मी करते.’ एवढंच. उपकार मागतोय असा सूर नको. लॅपटॉप कंपनी देते, तसंच हेही कामाचं साधन आहे. तो तक्ता खरोखर सुरू करा. तुमच्यासारखे आणखी सहकारी फिरतात, प्रत्येकजण त्याच हॉटेलात नव्याने तेच भोगतोय.

पुढच्या आठवड्यासाठी मात्र या मेलच्या उत्तराची वाट पाहू नका. जमल्यास मीटिंगच्या आदल्या रात्रीच मुक्कामी पोचा आणि मीटिंग ज्या वेळेला आहे त्याच वेळेला गेटवे, बाहेरचा पत्ता आणि स्पीड टेस्ट बघून घ्या. सकाळच्या टेस्टवर विसंबू नका. आकडे वाईट आले तर तेव्हाच खोली बदला किंवा हॉटेलची छोटी मीटिंगरूम तासाभरासाठी मागा. परिषदगृहांचं नेट बऱ्याचदा वेगळं राखून ठेवलेलं असतं. प्रेझेंटेशनची पीडीएफ क्लायंटला तासभर आधी मेल करा. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला मीटिंगचा सहयजमान (को-होस्ट) करून तीच फाइल त्याच्याकडे उघडी ठेवा, पानं त्याने उलटायची, बोलायचं तुम्ही. मीटिंगच्या आमंत्रणात साध्या फोनने जोडण्याचा क्रमांक असेल, तर तो कागदावर लिहून समोर ठेवा.

आणि नेट डळमळायला लागलं, तर आधी कॅमेरा बंद करा, आवाज टिकतो. तेही जमेना, तर संकोच न करता म्हणा, ‘मी फोनवरून जोडते आहे, पान सात तुमच्यासमोर आहे, तिथूनच पुढे बोलू,’ आणि तो क्रमांक लावा.